रोटरी पॉलिशरचा वेग आणि गाडीच्या रंगाचे आयुष्य

गडद रंगाच्या गाडीवर ऊन पडले की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक ओरखड्यांची वर्तुळे दिसू लागतात. धुळीने माखलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसण्याच्या सवयीतून ती प्रामुख्याने निर्माण होतात. ती काढण्यासाठी गॅरेजमध्ये 'रबिंग-पॉलिशिंग' केले जाते आणि त्या कामात रोटरी पॉलिशर हे यंत्र वापरले जाते. ओरखडे जाणार की त्यांच्यासोबत रंगही जाणार, हे यंत्र कोणत्या वेगावर चालवले जाते यावर बऱ्याच अंशी अवलंबून असते.

आजच्या बहुतेक गाड्यांवर मूळ रंगाच्या वर क्लिअर कोट हा पारदर्शक थर असतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर सर्व थरांची मिळून जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन असते. त्यात क्लिअर कोटचा वाटा सुमारे ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पॉलिशने ओरखडा भरला जात नाही. त्याच्या भोवतीचा थर घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. त्यामुळे प्रत्येक पॉलिशिंगमध्ये हा थर झिजतो आणि झिजलेला भाग परत मिळत नाही. उन्हातील अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षण करण्याचे कामही याच थराकडे असते.

रोटरी पॉलिशरचे पॅड एकाच आसाभोवती फिरते. बहुतेक यंत्रांचा वेग मिनिटाला सुमारे ६०० ते ३००० फेऱ्यांच्या दरम्यान बदलता येतो. मात्र चकतीवरील १ ते ६ हे आकडे प्रत्येक यंत्रात सारख्याच फेऱ्या दर्शवतात असे नाही. त्यासाठी यंत्रासोबतची माहितीपुस्तिका पाहणे आवश्यक असते. ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशरवरील आकडे तर पॅडच्या झोक्यांचे असतात, फेऱ्यांचे नव्हे. एका यंत्रावरचा वेग दुसऱ्यावर तसाच लावण्याची चूक येथूनच सुरू होते.

शिवाय फेऱ्या म्हणजे रंगावरचा प्रत्यक्ष वेग नव्हे. १८० मिलिमीटर व्यासाचे पॅड मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याची कडा ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने रंगावरून सरकते. तेवढ्याच फेऱ्यांवर ७५ मिलिमीटरच्या पॅडची कडा ताशी २१ किलोमीटरच्या आसपास असते. मोठ्या पॅडचा वेग ३००० वर नेला, तर हाच आकडा ताशी शंभराच्या पुढे जातो. पॅडच्या मध्यभागी मात्र वेग जवळपास शून्य असतो. म्हणूनच पॅड बदलले की वेगाचाही नव्याने विचार करावा लागतो.

घर्षणातून उष्णता निर्माण होते आणि खरा धोका तिच्यातच असतो. तापलेला क्लिअर कोट मऊ पडतो, कंपाउंड लवकर सुकते आणि पॅड एका जागी काही क्षण थांबले तरी थर जळू शकतो. पत्र्यातून उष्णता पसरून जाते. प्लॅस्टिकच्या बंपरमध्ये ती जागच्या जागी साचते. त्यामुळे बंपर आणि आरशांची आवरणे यांवर वेग आणि दाब दोन्ही कमी ठेवावे लागतात. दरवाजांच्या व बॉनेटच्या कडांवर रंग मुळातच पातळ असतो. तेथे मास्किंग टेप लावणे हाच शहाणपणाचा मार्ग. उन्हात तापलेल्या गाडीवर तर हे काम हाती घेऊच नये.

प्रचलित पद्धतीनुसार, कंपाउंड पसरवताना ६०० च्या आसपास फेऱ्या पुरतात. ओरखडे कापण्यासाठी १२०० ते १५०० ही मर्यादा बहुतेक वेळा पुरेशी ठरते. क्लिअर कोट फारच कठीण असल्यास सरावलेला कारागीर १८०० पर्यंत जातो. त्यापुढे कापण्याच्या क्षमतेपेक्षा उष्णताच अधिक वाढते. शेवटचा हात मऊ फोमच्या पॅडने, हलक्या दाबाने आणि ९०० ते १२०० फेऱ्यांवर फिरवला जातो. ही पायरी गाळल्यास उन्हात रंगावर पॅडच्या फिरण्याचे पट्टे चमकू लागतात. कारागीर त्यांना होलोग्राम म्हणतात.

ग्राहकाची फसगत बहुधा येथेच होते. पॉलिशमधील तेल आणि मेण हे पट्टे तात्पुरते झाकतात आणि काही धुण्यांनंतर ते पुन्हा उघडे पडतात. अतिशय पातळ झालेला क्लिअर कोटही गाडी ताब्यात घेताना चकाकतच असतो. तो निस्तेज पडणे किंवा त्याचे पापुद्रे सुटणे पुढे कधीतरी घडते आणि मग तो भाग पुन्हा रंगवण्यावाचून इलाज उरत नाही. पॉलिशनंतरचा पृष्ठभाग पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून प्रखर दिव्याखाली पाहिला, तर पट्टे झाकलेले आहेत की खरोखर गेले आहेत, ते तेव्हाच समजते. रंगाची जाडी मोजणारे यंत्र पत्र्याच्या भागांवर कामाआधी आणि नंतर लावल्यास नेमके किती मायक्रॉन गेले, तेही कळते.

काही ठिकाणी धातू घासण्याच्या ग्राइंडरलाच पॅड बसवून पॉलिश केले जाते. असे छोटे ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेऱ्या घेतात. गाडीच्या रंगावर त्यांचे कामच नाही.

कोणताही वेग ठरवण्यापूर्वी बॉनेटच्या सपाट भागावर दीड फूट चौरसाची जागा निवडून, मऊ पॅड आणि कमी वेगापासून सुरुवात करून पाहतात. ओरखडे तेवढ्यात निघाले, तर उरलेल्या गाडीसाठी चकती पुढे सरकवण्याची गरज नसते.