गाठोड्यातून गोधडी

कापडाचा व्यापार असलेल्या घरात एक गाठोडे हमखास सापडते. ठाणातून उरलेले तुकडे, शिंप्याकडची कातरणे, विटलेल्या सुती साड्या असे सारे ‘कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून त्यात बांधलेले असते. घुग्घुससारख्या कोळसा खाणींच्या गावात त्यावर काळी धूळ बसते, पावसाळ्यात ओल शिरते आणि कसर लागते. मग ते झटकावे तर जीवहिंसा, तसेच ठेवावे तर जीवोत्पत्ती. अपरिग्रहाचे व्रत तिजोरीपुरते नाही, ते या गाठोड्यालाही लागू आहे. चातुर्मासाआधीच त्याची गोधडी करणे, हा त्यावरचा सोपा उपाय होय.

गोधडी म्हटले की किचकट काम डोळ्यांपुढे येते, परंतु चार चौकोनांच्या ठोकळ्याची रचना नवशिक्या मुलीलाही जमते. प्रथम कापड निवडावे. रेशीम आपल्या आचारात बसत नाही, म्हणून ते वगळावे. कृत्रिम धाग्याचे कापड गरम इस्त्रीखाली वितळते, म्हणून तेही नको. सुती तुकडे आधी धुऊन घ्यावेत, म्हणजे आटणे आणि रंग जाणे तेव्हाच उरकते.

पुठ्ठ्याचा १२ सेंटिमीटरचा चौरस नमुना करून त्यावरून तुकडे कापावेत. निम्मे गडद, निम्मे फिके असावेत. चहूबाजूंनी १ सेंटिमीटर शिलाईत गेला की १० सेंटिमीटर उरतात. दोन गडद आणि दोन फिके तुकडे कर्णावर समोरासमोर येतील असे जोडले की २० सेंटिमीटरचा ठोकळा तयार होतो. रुंदीला ७ आणि लांबीला १० ठोकळे, म्हणजे एकूण ७० ठोकळे व २८० तुकडे झाले की १४० बाय २०० सेंटिमीटरची एका माणसाची गोधडी होते. ११० सेंटिमीटर पन्ह्याच्या एका मीटरमधून असे ७२ चौकोन निघतात. म्हणजे सुमारे चार मीटर कापड पुरते, आणि तेवढे गाठोड्यात बहुधा निघतेच.

शिलाईची कड गडद कापडाकडे वळवून इस्त्री केली की सांधे नीट जुळतात. मध्ये जुन्या धोतराचा किंवा सुती साडीचा थर आणि खाली अखंड साडी घालावी. तिन्ही थर मधून बाहेरच्या दिशेने कच्च्या टाक्यांनी पक्के करावेत, मग धावदोरा घालावा. उत्तर कन्नडमधील सिद्दी स्त्रिया आपल्या कवंदीचा धावदोरा कडेने सुरू करून मध्याकडे नेतात आणि कोपऱ्यांवर दुमडलेल्या तुकड्यांची ‘फुला’ लावतात. ही पद्धतही अनुसरावी. शेवटी कडेला पट्टी लावावी.

दिवंगत आजीच्या साडीचे चार चौकोन यात आले, तर ती साडी पेटीत पडून न राहता नातवाच्या अंगावर येते. गोधडी वापरात ठेवावी, नियमित झटकून निरखावी आणि कोरड्या जागी घडी घालावी. एकाहून अधिक झाल्या, तर गावातील गरजू घरी थंडीपूर्वीच पोहोचत्या कराव्यात. साठवून ठेवल्या, तर त्यांचेही पुन्हा गाठोडेच होईल.