बर्फातील विद्युत गाडी आणि टायरांचा हिशेब

आपल्या समाजातील अनेक व्यापारी घरांची पुढची पिढी आज टोरंटो, मॉन्ट्रियल, न्यू जर्सी येथे स्थिरावली आहे, आणि त्यांपैकी पुष्कळांच्या दारात विजेवर चालणारी गाडी उभी असते. नोव्हेंबर उजाडला की तेथील घराघरांत एक प्रश्न डोके वर काढतो. गाडी नवी आहे, तिच्या चारही चाकांना मोटारीचा जोर आहे आणि टायरांवर ‘ऑल-सीझन’ असे लिहिले आहे. मग केवळ हिवाळ्यासाठी टायरांचा आणखी एक संच कशाला विकत घ्यायचा? चार टायर आणि ते बसवण्याची मजुरी मिळून हजार डॉलरच्या घरात सहज जातात. जमाखर्चाची सवय असलेल्या माणसाचा हात येथे अडखळणे स्वाभाविक आहे.

गोंधळाचे मूळ नावातच आहे. अमेरिकेत गुडइयर कंपनीने १९७७ साली ‘टिएम्पो’ हा ऑल-सीझन रेडियल टायर बाजारात आणला आणि वर्षातून दोनदा टायर बदलण्याची कटकट संपल्याचा आनंद ग्राहकाला झाला. त्या टायराचे रबर उन्हाळ्यातील तापलेला रस्ता आणि हलकी थंडी या दोहोंत तडजोड साधते. तापमान सुमारे ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले की मात्र ते कडक होऊ लागते, आणि उणे १५ अंशांत त्याची रस्त्यावरील पकड बरीच सुटते. हिवाळी टायराची परंपरा याहून जुनी आहे. फिनलंडमधील, आज नोकियन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कारखान्याने १९३४ साली मालमोटारींसाठी पहिला हिवाळी टायर तयार केला आणि १९३६ साली ‘हाक्कापेलीट्टा’ हे नाव रूढ केले. या टायराचे रबर कडाक्याच्या थंडीतही मऊ राहते. त्याच्या नक्षीत असंख्य बारीक चिरा असतात. चाक फिरताना त्या उघडतात, बर्फाला धरतात आणि खोल खाचांत बर्फ दाबून बसतो. बर्फाला बर्फ चांगला चिकटतो, हे तेथील मुले गोळे करून खेळताना रोज अनुभवतात. टायर त्याच गुणाचा उपयोग करून घेतो.

विद्युत गाडीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. तिच्या मोटारीचा जोर पायाच्या स्पर्शासरशी मिळतो आणि चारही चाकांना जोर असल्यास ती बर्फातून इतक्या सहज निघते की चालकाला रस्ता निसरडा असल्याचा विसर पडतो. धोका तेथेच आहे. चारही चाकांचा जोर गाडी पुढे नेण्यासाठी उपयोगी. थांबताना आणि वळताना आधार फक्त टायरांच्या पकडीचा. साधे गणित पाहावे. ताशी ५० किलोमीटर वेग असताना रस्त्याचा घर्षणांक ०.३ मिळाला, तर ब्रेक लागल्यापासून गाडी सुमारे ३३ मीटरमध्ये थांबते. तोच अंक ०.२ वर उतरला, तर सुमारे ४९ मीटर लागतात. मधले सोळा मीटर म्हणजे तीन-साडेतीन गाड्यांची लांबी. शाळेसमोरच्या चौकात या अंतराला काय किंमत आहे, हे सांगणे नको.

आणखी एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. विद्युत गाडीत पाय उचलताच मोटार उलट काम करून बॅटरी भरू लागते आणि गाडी आपोआप मंदावते. हा ब्रेक जोर असलेल्या चाकांवरच लागतो. मागील चाकांवर चालणाऱ्या गाडीत निसरड्या वळणावर पाय एकदम उचलला, तर गाडीची मागची बाजू घसरू शकते. शिवाय गारठलेली बॅटरी सकाळी वीज नीट स्वीकारत नाही. म्हणून घरातून निघताना हा ब्रेक सौम्य आणि तासाभराने तीव्र, असा एकाच प्रवासात फरक जाणवतो. ज्या गाडीत ही तीव्रता कमी करण्याची सोय आहे, तेथे बर्फाच्या दिवसांत ती कमी ठेवणे उत्तम.

टायर घेताना नावावर न जाता चिन्ह पाहावे. ‘एम प्लस एस’ ही अक्षरे चिखल आणि बर्फ सुचवतात खरी, पण ती मुख्यतः नक्षीच्या रचनेवर दिली जातात. त्यांसाठी बर्फावरील परीक्षा आवश्यक नसते. तीन शिखरांच्या पर्वतात हिमकण दाखवणारे चिन्ह मात्र ठरावीक बर्फ-चाचणी उत्तीर्ण झाल्यावरच मिळते. जर्मनीत बर्फ वा हिम असलेल्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला १ ऑक्टोबर २०२४ पासून हेच चिन्ह लागते. हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त अँटवर्पला राहणारी आपली कुटुंबे सुटीत तिकडच्या डोंगरांत जातात, त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे. अलीकडे ‘ऑल-वेदर’ नावाचा तिसरा प्रकारही मिळतो. त्यावर हे पर्वतचिन्ह असते आणि तो बारा महिने चालतो. ऑल-सीझनपेक्षा तो बर्फात खात्रीचा, पण कडक थंडीत आणि गोठलेल्या काचेसारख्या रस्त्यावर खऱ्या हिवाळी टायराची बरोबरी त्याने करावी, ही अपेक्षा अवाजवी ठरेल.

कॅनडातील क्वेबेक प्रांताने हा प्रश्न कायद्यानेच सोडवला आहे. तेथे नोंदलेल्या प्रत्येक मोटारीला, टॅक्सी आणि भाड्याच्या गाडीसह, १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. शेजारच्या ओंटारियोत सक्ती नाही. परंतु हिवाळी टायर लावणाऱ्यास विम्याच्या हप्त्यात सवलत देणे विमा कंपन्यांवर २०१६ पासून बंधनकारक आहे. कित्येक घरे ही सवलत मागतच नाहीत, हे आश्चर्य.

आता खर्चाकडे वळावे. दुसरा संच म्हणजे संपूर्ण जादा खर्च, ही समजूत खतावणीच्या दृष्टीने चुकीची आहे. समजा एक संच ६० हजार किलोमीटर टिकतो आणि गाडी वर्षाला २० हजार किलोमीटर धावते. एकच संच असेल तर तो तीन वर्षांत संपेल आणि दुसरा घ्यावाच लागेल. दोन संच आलटून पालटून वापरले तर दोन्ही मिळून सहा वर्षे पुरतील. म्हणजे दुसऱ्या संचाची रक्कम बव्हंशी पुढचा खर्च आधी केल्यासारखी आहे; घसारा दोन खात्यांत वाटला जातो इतकेच. खरा जादा भार पडतो तो आगाऊ गुंतलेल्या रकमेवरील व्याजाचा, वर्षातून दोनदा टायर बदलण्याच्या मजुरीचा आणि घरात जागा नसल्यास ते ठेवण्याच्या भाड्याचा. यात एक वजावट प्रामाणिकपणे धरली पाहिजे. नक्षी ४ मिलिमीटरच्या जवळ आली की तो टायर बर्फात वापरू नये, असे कॅनडाचे परिवहन खाते सांगते. तेव्हा हिवाळी संच शेवटच्या थरापर्यंत वापरता येत नाही. विद्युत गाडी जड असल्याने तिचे टायर झिजतातही लवकर. इतके सारे धरूनही वार्षिक जादा खर्च एका किरकोळ अपघातानंतर पदरात पडणाऱ्या दुरुस्तीच्या बिलाहून थोडाच राहतो.

हिवाळी टायरांनी गाडीचा पल्ला घटतो, ही तक्रार खरी असली तरी तिचे माप लहान आहे. मोठी घट थंडी आणि आतील उबेमुळे होते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या २०१९ मधील चाचणीत सुमारे उणे ७ अंशांत हीटर चालू ठेवल्यावर पल्ला सरासरी ४१ टक्के घटलेला आढळला. पल्ल्याची चिंता असलेल्याने टायरांवर रुसण्यापेक्षा गाडी चार्जरला जोडलेली असतानाच आतून गरम करून घ्यावी.

मॉन्ट्रियल, ओटावा, कॅलगरी येथे राहणाऱ्यांनी स्वतंत्र हिवाळी संच घ्यावा, यात दुमत असू नये. व्हँकुव्हरसारख्या सौम्य हवेच्या शहरात, डोंगराकडे क्वचित जाणाऱ्याला पर्वतचिन्ह असलेला ऑल-वेदर टायर पुरेल. टोरंटो आणि न्यू जर्सी मधोमध पडतात. ज्यांना पहाटे रस्ते साफ होण्यापूर्वी दुकान वा गोदाम गाठायचे असते, त्यांनी हिवाळीच घ्यावेत, आणि घरून काम करणाऱ्याने ऑल-वेदरवर भागवले तरी चालेल. घ्यायचे ते चारही एकाच जातीचे. दोनच हिवाळी टायर लावण्याची काटकसर गाडीचा तोल बिघडवते. गाडीच्या वजनाला साजेशी भारक्षमता टायरावर लिहिली आहे ना, हेही दुकानदाराला विचारावे. शक्य असल्यास वेगळ्या रिम घ्याव्यात, म्हणजे दर ऋतूत टायर सोलून काढण्याची मजुरी वाचते. त्या एक इंच लहान घेता आल्या तर टायरही स्वस्त पडतात.

तापमान ५-६ अंशांनी उतरले की टायरमधील हवेचा दाब सुमारे एक पौंडाने घटतो. ऑक्टोबरात भरलेली हवा जानेवारीत अपुरी पडते, म्हणून दर महिन्याला, गाडी रात्रभर उभी राहून टायर थंड असतानाच दाब तपासावा. टायर बदलण्याची वेळ मात्र ऑक्टोबरातच ठरवून ठेवावी. पहिला बर्फ पडला की गॅरेजवाल्यांकडे आठवडे-आठवडे नंबर लागत नाही.