घरकुल मंजूर, पण दाराला कुलूप; बेघर कुटुंबांनी घरासोबत कामही का मागायचं?

यवतमाळ : दिवाळी आटोपली की पुसद, महागाव, उमरखेड भागातल्या तांड्यांवर घरांना कुलपं लागायला सुरुवात होते. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या थेट गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. तिकडे झरी जामणी, केळापूर, मारेगावच्या कोलाम पोडांवर कापूस वेचणी संपली की हाताला काम उरत नाही. अशा गावांत मंजूर झालेलं घरकुल जोत्यावर येऊन थांबलेलं दिसतं. लोक म्हणतात, पैसे घेतले आणि घर बांधलं नाही. बहुतेक वेळा तसं नसतं.

घरकुलाचे पैसे एकदम मिळत नाहीत. पहिला हप्ता थोडका असतो. पुढचा हप्ता तेवढं बांधकाम झाल्यावर, फोटो काढून ते ऑनलाइन चढल्यावर येतो. तोवर विटा, सिमेंट, मिस्त्रीची मजुरी घरच्यांनीच भागवायची. रोज कमावून रोज खाणारा माणूस हे कुठून भागवणार? घर बांधायला थांबला तर मजुरी बुडते, मजुरीला गेला तर घर थांबतं. मग मुकादमाची उचल घेतली जाते आणि ती फेडायला घरातले सगळे कारखान्यावर जातात. घर पूर्ण होतं, पण त्यात राहायला कोणी नसतं.

म्हणून घर आणि रोजगार या दोन गोष्टी वेगळ्या मागून चालत नाहीत. योजनेतही त्या वेगळ्या नाहीत, फक्त गावात सांगितल्या जात नाहीत.

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात. त्याशिवाय स्वतःच्या घरावर राबल्याची रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी मिळते. राज्यात २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे ९० दिवसांचे २८ हजार ८० रुपये. शौचालयाचे १२ हजार वेगळे. राज्य सरकारने २०२५ मध्ये आणखी ५० हजारांची भर जाहीर केली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर पॅनलसाठी आहेत. वाळू धोरणात घरकुलाला ५ ब्रास वाळू मोफत धरली आहे.

यातली मजुरीची रक्कमच सर्वात जास्त हुकते. कारण साधं आहे : जॉबकार्ड काढलेलं नसतं, किंवा मस्टर वेळेवर निघत नाही. पाया खोदायच्या आधीच ग्रामरोजगार सेवकाकडे जॉबकार्ड आणि बँक खातं दाखवून मस्टर काढायला सांगावं. मस्टरवर आपल्याच घरच्यांची नावं आहेत ना, तेही बघावं. घर झाल्यावर मजुरी मागायला गेलं तर हाती काही लागत नाही. घराव्यतिरिक्त गावात काम हवं असेल तर मागणीचा अर्ज म्हणजे नमुना ४. तो दिल्यावर तारखेची पोच हातात घ्यायची. तोंडी मागणीला काही अर्थ नाही. १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेरोजगार भत्त्याचा हक्क या पोचेवरच उभा राहतो.

आता बेघर म्हणजे कोण? शहरात फुटपाथवर झोपणारा माणूस लगेच ओळखू येतो. खेड्यात तो दिसत नाही. सालदार मालकाच्या वावरातल्या कोठ्यात राहतो. पालावरचं कुटुंब गावाबाहेर ताडपत्रीखाली असतं. एखादी टाकलेली बाई भावाच्या ओसरीत दिवस काढते. आवास योजनेच्या मूळ नियमांत निवारा नसलेली कुटुंबं, भिक्षेवर जगणारी, हाताने मैला साफ करणारी, आदिम जमाती आणि कायद्याने सुटका झालेले वेठबिगार, यांना थेट यादीत घ्यायचं होतं. पण सर्वेक्षण झालं त्या दिवशी कुटुंब कारखान्यावर असेल तर नाव येणार कसं? ज्याला घराची सर्वात जास्त गरज, तोच त्या दिवशी गावात नसतो. २०२४ नंतरच्या नव्या सर्वेक्षणात मोबाइलवरून स्वतः नोंदणीची सोय आली. दुचाकी आहे म्हणून अपात्र, ही अटही तेव्हाच काढली गेली. त्या कारणाने ज्यांची नावं कटली त्यांनी पुन्हा चौकशी करावी.

दुसरी अडचण जागेची. जागा नाही म्हणून घरकुल नाही, असं सांगून परत पाठवलं जातं. ते अर्धंच खरं आहे. पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजनेत ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला आता १ लाखापर्यंत मदत मिळते, आधी ती ५० हजार होती. पंचायत समितीत हे नाव घेऊन विचारावं, नुसतं ‘जागा द्या’ म्हणू नये.

फिनलंडसारख्या देशाने २००८ पासून असं धोरण धरलं की बेघर माणसाला आधी पक्कं घर द्यायचं, मग काम आणि उपचार, आणि तिथे बेघरांची संख्या उतरली. आपल्याकडे हा विचार अगदीच नवा नाही. भटक्या विमुक्तांसाठीची यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना २०११ मध्ये आली तेव्हा तिचा आराखडाच तसा होता : २० कुटुंबांची वसाहत, प्रत्येकाला ५ गुंठे जागा, त्यात २६९ चौरस फुटांचं घर आणि उरलेल्या जागेवर शेळ्या, कोंबड्या, भाजीपाला किंवा दुसरा धंदा. ज्यांनी हा आराखडा आखला त्यांना पालावरचं जगणं माहीत होतं, हे नक्की. पण सलग जागा मिळणं अवघड, त्यामुळे पुढे एकेका कुटुंबाला नुसत्या घराचे पैसे देण्याची वाट निघाली. घर राहिलं, धंद्याची जागा गेली.

कोलाम कुटुंबांसाठी वाट थोडी सोपी आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीनच आदिम जमाती आहेत. १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत त्यांच्या घराला २ लाख रुपये आहेत, रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे पैसे वेगळे. जातीचा दाखला किंवा आधार अडला असेल तर पांढरकवडा किंवा पुसदच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात विचारता येतं. घरातल्या तरुणाला मिस्त्रीकाम शिकायचं असेल तर ग्रामीण गवंडी प्रशिक्षण ४५ दिवसांचं असतं आणि ते प्रत्यक्ष घरकुलाच्या बांधकामावरच दिलं जातं. गावात २० घरकुलं मंजूर असतील आणि मिस्त्री बाहेरून येत असेल, तर ती मजुरी गावाबाहेर जाते.

हे सगळं मागायची जागा ग्रामसभा. २६ जानेवारीच्या सभेला ऊसतोडीची माणसं फडात असतात, १ मेच्या सभेला नुकतीच परतलेली असतात. सगळे गावात असतात ते १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. घरकुलाची यादी वाचून दाखवा, जागा नसलेल्यांची नावं लिहून घ्या आणि कामाची मागणी नोंदवा, या तीन गोष्टी त्या दोन सभांत ठरावात आल्या तर दसऱ्याआधी मस्टर निघायला वेळ उरतो.