२३२वर दिसणारा काप

रक्त तपासायला गेल्यावर हिरव्या झाकणाची नळी हातात दिसली, तर समजा की तिला आतून हेपरिन लावलंय. रक्त गोठू न देणारं हे औषध डायलिसिसला लागतं, अँजिओप्लास्टीला लागतं, बायपासच्या टेबलावर तर त्याच्याशिवाय पान हलत नाही. ते काढतात डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून. हे सांगितलं की पाहुणे चहाचा कप खाली ठेवतात, म्हणून 'मी औषधांच्या तपासणीत आहे' एवढ्यावरच मी भागवते.

हेपरिन ही साखरच, पण एकसारखी नव्हे. दोन प्रकारच्या साखरी आलटूनपालटून जोडलेली लांब साखळी आणि तिच्यावर कुठे दाट, कुठे विरळ सल्फेट. एका बाटलीतल्या दोन साखळ्याही हुबेहूब सारख्या नसतात. मग बॅच बरोबर आहे हे ठरवायचं कसं? साखळीचे बारीक तुकडे करायचे आणि कोणता तुकडा किती, ते मोजायचं. तुकडे आम्लाने करावेत तर सल्फेटही गळून जातात आणि जे मोजायचं तेच हरवतं. तिथे हेपरिनेज हे एन्झाइम लागतं.

त्याचा मूळ मालक मातीतला एक जीवाणू. पायझा आणि कॉर्न या दोघांनी १९५६ साली हेपरिन खाऊन जगणाऱ्या या जीवाणूची माहिती प्रसिद्ध केली. आता त्याला पेडोबॅक्टर हेपरिनस म्हणतात. त्याच्याकडे तीन हेपरिनेज आहेत: पहिलं दाट सल्फेटच्या जागी कापतं, तिसरं विरळ जागी, दुसऱ्याला दोन्ही चालतं. अडचण अशी की हा गडी इतर साखळ्या तोडणारी आणि सल्फेट काढणारी एन्झाइमंही बाळगून असतो. शुद्धीकरणात त्यातलं थोडं जरी मागे राहिलं तरी सगळं गणित बिघडतं. १९९३ साली अमेरिकेत एमआयटीमधल्या राम शशिशेखरन आणि सहकाऱ्यांनी पहिल्या हेपरिनेजचं जनुक वेगळं करून ई. कोलाय जीवाणूत घातलं. ई. कोलायला हेपरिन तोडता येत नाही, त्यामुळे जे कापलं जाईल ते आपण घातलेल्या एन्झाइमनेच. ते ई. कोलायच्या पोटात गुठळ्या होऊन बसायचं, म्हणून चांगलं विरघळणारं दुसरं प्रथिन त्याला जोडून देण्याची युक्तीही पुढे निघाली.

आमच्याकडे एनॉक्सापॅरिन, म्हणजे हेपरिनचीच आखूड आवृत्ती, तपासताना तिन्ही हेपरिनेज एकत्र घालून नमुना दोन दिवस ठेवतात आणि मग तुकडे वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर चढवतात. त्याआधी एन्झाइमचा जोर बघून घ्यावा लागतो, आणि माझ्या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. क्वार्ट्झच्या क्युव्हेटमध्ये बफर, हेपरिन, थोडं कॅल्शियम. शेवटी पिपेटने एन्झाइमचा थेंब. साध्या काचेची क्युव्हेट चालत नाही, ती इथे लागणारा अतिनील प्रकाश अडवते. स्पेक्ट्रोफोटोमीटर २३२ नॅनोमीटरवर लावला की पडद्यावरची रेघ वर चढू लागते.

नवीन आलेल्या मुलीने विचारलं, "मॅडम, रंग तर कुठला घातलाच नाही, मग दिसतंय काय?" रास्त प्रश्न. लाळेतलं अमायलेज स्टार्चची साखळी तोडताना पाण्याचा रेणू वापरतं. हेपरिनेज पाणी वापरत नाही. ते साखरेतला एक हायड्रोजन काढून घेतं, साखळी तुटते आणि तुटलेल्या टोकावर दुहेरी बंध तयार होतो. तो बंध २३२वर प्रकाश शोषतो. एक काप, एक बंध. रेघ चढते म्हणजे काप मोजले जाताहेत.

ही तपासणी किती गरजेची, ते एका प्रकरणाने दाखवलं. २००७च्या अखेरीस अमेरिकेत डायलिसिसवरच्या मुलांना हेपरिन दिल्यावर चेहरा सुजणं, रक्तदाब कोसळणं असले प्रकार दिसू लागले. पुढे इतर रुग्णांतही ते दिसले आणि अनेक मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला. चीनमधून आलेल्या कच्च्या मालात भेसळ होती. गुडघेदुखीच्या गोळ्यांत असतं ते कॉन्ड्रॉइटिन सल्फेट, त्यावर रसायनांनी जादा सल्फेट चढवलेलं. निसर्गात असं काही नसतं. मेंढीच्या प्लाझ्मावर होणाऱ्या जुन्या चाचणीत हा पदार्थही रक्त गोठणं लांबवायचा, म्हणून माल बिनदिक्कत पास होत गेला. भेसळ करणाऱ्याला ती चाचणी नीट ठाऊक असावी, असं मला आजही वाटतं.

भेसळ नेमकी कोणती, ते मुख्यतः रेणूची रचना उलगडणाऱ्या एनएमआर यंत्राने उघड झालं. पण हेपरिनेजही इथे कामाचं निघालं. त्याला हा पदार्थ कापता येत नाही; उलट तो एन्झाइमच्या कापायच्या जागेला चिकटून बसतो आणि खऱ्या हेपरिनचं कापणं मंदावतं. शशिशेखरन यांच्याच गटाने पुढे या अडथळ्यावरून भेसळ ओळखायची पद्धत मांडली. महागडा एनएमआर नसलेल्या प्रयोगशाळेलाही ती परवडेल, म्हणून माझं मत तिच्या बाजूने.

मात्र रेघ मंद चढली की पहिला संशय आमच्यावरच येतो. कॅल्शियम विसरलं का? तापमान उतरलं का? एन्झाइमची कुपी फ्रीझरमधून कितीदा काढली आणि परत ठेवली? पुन्हा पुन्हा वितळलं की ते मरतं. हे सगळं तपासून, नवी कुपी फोडून, त्याच दिवशी खात्रीचं हेपरिन शेजारी चालवून पाहिल्यावरच आम्ही बॅचकडे बोट दाखवतो.