पकडलेली खार सोडणे गुन्हा ठरते तेव्हा

‘खारीचा वाटा’ म्हणणाऱ्या आपल्या भाषेत खार ही सेतू बांधायला धावलेली, पाठीवर रामाच्या बोटांची खूण मिरवणारी. ब्रिटनच्या कायद्यात तिचे दोन प्रकार आहेत : तांबडी आणि करडी. तांबडीला मारणे हा गुन्हा. पकडलेली करडी सोडून देणे हाही गुन्हा. उपद्रवी प्राण्यांविषयीचे कायदे वाचताना मला सर्वांत अस्वस्थ केले ते या दुसऱ्या नियमाने.

तांबडी खार ब्रिटनची मूळ रहिवासी, करडी उत्तर अमेरिकेतली. 1876 मध्ये चेशर परगण्यातील हेन्बरी पार्क येथे करड्या खारी सोडल्याची नोंद सापडते. पुढे इतर हौशी जमीनदारांनी तोच कित्ता गिरवला. करडी खार बीच, ओक अशा झाडांची साल सोलते. झाड खुरटते, कधी मरते. तिच्याबरोबर येणारा खारींच्या देवीचा विषाणू तिला सहसा बाधत नाही, तांबडीला मात्र बहुधा मारतो.

कायदा जागा झाला तो उशिरा, आणि तोही वेगळ्याच प्राण्यामुळे. कातड्यासाठी आणलेले मस्करॅट हे पाणउंदीर मोकाट सुटले म्हणून 1932 मध्ये उपद्रवी परदेशी प्राण्यांचा कायदा झाला. 1937 च्या आदेशाने तो करड्या खारीला लागू झाला : परवान्याशिवाय तिची आयात नको, ती पाळणे नको. आपल्या जमिनीवर करडी खार दिसली तर सरकारला कळवण्याचेही बंधन होते. ते पाळणे कुणालाच शक्य नव्हते. अखेर ते काढून टाकण्यात आले. 1953 मध्ये सरकारने शेपटीमागे एक शिलिंग इनाम लावले. शेपट्या जमल्या, खारी काही कमी झाल्या नाहीत. 1958 मध्ये इनाम बंद झाले.

आज करडीला मारण्यासाठी बंदीचा हंगाम नाही. जमीनमालकाच्या संमतीने बंदुकीने मारता येते. झटक्याने मारणारा सापळा सरकारमान्य नमुन्याचाच हवा. जिवंत पकडणारा पिंजरा दिवसातून किमान एकदा तपासावा, असा दंडक आहे. त्यात तांबडी सापडली तर तिला तत्काळ सोडायचे, कारण 1981 च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण आहे. करडी सापडली तर कायद्याने तिला रानात सोडता येत नाही. म्हणजे पिंजरा लावणाऱ्यानेच तिला मारायचे, आणि तेही हाल न करता. पिंजऱ्यात आलेला प्राणी माणसाच्या ताब्यातला ठरतो आणि 2006 च्या प्राणी कल्याण कायद्याखाली येतो. 2010 मध्ये इंग्लंडमधील एका गृहस्थाने पकडलेली खार पाण्यात बुडवून मारली. खटला झाला, त्याने गुन्हा कबूल केला. आक्षेप मारण्याला नव्हता, मारण्याच्या पद्धतीला होता.

जखमी खारींची शुश्रूषा करून त्यांना पुन्हा सोडण्यासाठी इंग्लंडमध्ये पूर्वी परवाने मिळत. परदेशी आक्रमक प्रजातींचे नवे नियम 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाले आणि ती वाटही बंद झाली. शुश्रूषा करणाऱ्यांनी कडाडून विरोध केला. त्यांच्यापुढे एक जखमी जीव असतो. कायद्यापुढे तांबड्या खारींची सगळी जात असते. दोन्ही बाजूंना करुणाच आहे, हे मला या प्रकरणात सर्वांत अवघड वाटते.

आपल्याकडचा 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा उलट टोकाने सुरू होतो. त्यात ‘शिकार’ या शब्दात मारण्याबरोबर पकडणे, फास लावणे, सापळा लावणे हेही येते. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तो नारळ फोडतो म्हणून बागायतदाराला त्याच्यासाठी परवानगीवाचून पिंजराही लावता येत नाही. तिकडे पिंजऱ्याचे दार उघडणे हा गुन्हा, इकडे पिंजरा लावणे हाच गुन्हा. शेकरू इथलाच असल्याने आपल्या कायद्याला तो कठीण प्रश्न पडलेला नाही, एवढेच. बागायतदाराचे नुकसान मात्र दोन्हीकडे खरेच आहे.

ब्रिटनमध्ये आता करड्या खारींना खाद्यातून गर्भनिरोधक देण्याचे संशोधन चालू आहे. तांबडीने ते खाऊ नये म्हणून वजनाने उघडणारी खाद्यपेटी तयार करत आहेत. करडी जड असते, तिच्याच भाराने दार उघडावे. ते साधले, तर ज्यांना खार मारवत नाही आणि सोडताही येत नाही, त्यांच्या हाती निदान तिसरा मार्ग येईल.