सावित्रीच्या सोबतीने

सकाळी ६. क्षेत्र महाबळेश्वरात जानेवारीची बोचरी थंडी. काका-काकू अजून गाडीतल्या मागच्या बिछान्यावर रजईत आहेत. चहा उकळला आणि सिलिंडरचा कॉक लगेच बंद केला. गाडी चालू असताना तो उघडा ठेवायचा नाही. कपाटांच्या खिट्ट्या हाताने चाचपल्या. पाण्याची टाकी ८० लिटरची, पण भरली २० लिटरच. घाटातून ८० किलो पाणी उतरवण्यापेक्षा ते खाली गेल्यावर घ्यावं.

७. पंचगंगेचं देऊळ. पाच नद्यांचा उगम इथे मानतात. कृष्णा, वेण्णा, कोयना यांचं पाणी सगळा देश ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतं. सावित्री मात्र पश्चिमेला उडी घेते. काकूंनी ओंजळ भरून डोळ्यांना लावली. म्हणाल्या, "आज हिच्याबरोबरच उतरायचं ना?" श्रीवर्धनची वाट तशी तिच्याच सोबतीची.

८. आंबेनळी घाट. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हे मला पहिल्या उस्तादांनी शिकवलं. गाडी इंजिनाने आवरायची. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं तर ते तापतात आणि पकड सुटते. आमची गाडी म्हणजे चाकांवरचं घर. उंच आणि जड, वळणावर बाहेर झुकते. जुलै २०१८ मध्ये याच घाटात बस कोसळून ३० माणसं गेली. तिथून जाताना मी रेडिओ बंद ठेवतो. मागून कुणी हॉर्न वाजवला की बाजू देतो. माझ्या पाठीमागे दोन माणसं विश्वासाने बसलेली असतात, त्यापुढे कुणाचीही घाई मोठी नाही.

प्रतापगडच्या फाट्याला थांबून चाकांजवळ हात नेला. ऊब होती, जळका वास नव्हता. काकूंची शाल इथे उतरली, स्वेटर पुढे पोलादपूरच्या अलीकडे. काकांनी खिडकी उघडली तर आत दमट, कोकणातली हवा.

११.३०. महाडच्या अलीकडे सावित्रीचा पूल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री जुना दगडी पूल पुरात गेला, दोन एसटी गाड्याही गेल्या. आजचा पूल २०१७ चा. खाली पाहिलं तर खडकांमधून शांत पाणी वाहत होतं. काकूंनी हात जोडले, मी वेग कमी केला.

१.३०. आंबेत. नदीची आता खाडी झाली आहे. सावलीत गाडी लावून कॉक उघडला. पिठलं-भात, वर कांदा.

४. बागमांडल्याची जेटी. वेसवीकडे जाणारी फेरीबोट सुटत होती, पलीकडे बाणकोटचा किल्ला. खाडीचं तोंड केवढं रुंद! काकू बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "सकाळी हिला ओंजळीत धरलं होतं रे."

६.३०. श्रीवर्धन. गाडी वाळूत नेली नाही. जड गाडीची चाकं तिथे रुततात. सुपारीच्या वाडीत परवानगी घेऊन उभी केली, चाकांखाली लाकडी ठोकळे दिले. वाडीतल्या आजींना विचारलं, "सकाळी विहिरीचं चार बादल्या पाणी मिळेल का?" खारी हवा पत्र्याला खाते, निघण्याआधी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायला हवी.

"चार कशाला, लागेल तेवढं घे की," आजी म्हणाल्या. "रहाट तेवढा हळू ओढ."