कठड्यावरील संसार

गेल्या आश्विनांत आमच्या वर्ध्याच्या घरीं पहाटेचा एक नवाच नेम सुरू झाला. धाकट्या बंधूंचें बिऱ्हाड मेलबर्नला आहे. तेथील कॉलिन्स स्ट्रीटवरील एका उत्तुंग इमारतीच्या कठड्यावर बहिरी ससाण्याचें जोडपें पिलें वाढवितें, आणि तेथें लावलेल्या कॅमेऱ्यामुळें तो संसार घरबसल्या दिसतो. आमच्याकडे पहाटेचे साडेपांच, तेव्हां तेथें दिवसाचे अकरा!

हा पक्षी काटक्यांचें घरटें बांधीत नाहीं. कड्यावरील उथळ खळग्यांतच अंडीं घालून महिनाभर उबवितो. शहरांतील इमारती त्याला कडेच वाटतात, आणि पारव्यांचा तर तेथें तोटाच नसतो.

पहिल्या दिवशीं मादीनें पारवा फाडून पिलांस भरविला, तेव्हां मातोश्रींनीं तोंड फिरविलें. चौथ्या दिवशीं मात्र त्याच विचारूं लागल्या, "कोपऱ्यांतल्या धाकट्याला मिळालें कां रे?" आम्ही काय सांगणार! येथून पाहतां येतें, घास पुढें सरकवितां येत नाहीं.

मनुष्याचा हात या संसारांत पूर्वीं शिरला होता, तो घातकच. भक्ष्यावाटे अंगांत गेलेल्या डी. डी. टी.नें अंड्यांचीं कवचें पातळ होऊन तीं आईच्याच भारानें फुटत. अमेरिकेनें १९७२ सालीं त्या औषधाच्या सर्वसाधारण वापरावर बंदी घातली. पुढें पैदास करून पिलेंहि सोडलीं. तेव्हां कोठें १९९९ सालीं हा पक्षी तेथील संकटग्रस्तांच्या यादींतून सुटला.

कार्तिकांत एके पहाटे कठडा रिकामा दिसला. धाकटेंहि उडालें होतें. मातोश्री बराच वेळ तेथेंच बसल्या. मग म्हणाल्या, "बाळचा फोन येऊन किती दिवस झाले रे?"